लेकरांचे कष्ट आणि देवाची कृपा

हिंगोली जिल्ह्यातल्या मुलांना उद्योगीपणा शिकवायला निघालेल्या माणसाला पहिला प्रश्न हाच विचारला जाईल, आणि विचारलाच पाहिजे, की या लेकरांना कष्ट शिकवायचे राहिलेत कुठे? दिवाळी सरली की जिल्ह्यातल्या कितीतरी वस्त्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते, नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, आणि मुले एकतर म्हाताऱ्या आजीजवळ गावात राहतात किंवा आईबापांबरोबर फडावर जातात. फडावर गेलेल्या आठ-दहा वर्षांच्या मुलीकडे धाकट्या भावंडाला सांभाळणे, लांबून पाणी आणणे, चुलीकडे पाहणे हे सगळे न सांगता येते. गावात राहिलेल्यांना कापसाची वेचणी चुकत नाही, सोयाबीनची सोंगणी चुकत नाही, शेळ्यांमागचे हिंडणे चुकत नाही. आळस वाईट असे या मुलांना सांगणारा मोठा माणूस आपल्याकडे न बघताच बोलतो आहे, हे त्यांना पहिल्या वाक्यात कळते. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांसाठी आणि आईबापांसाठी लिहिलेल्या पुढील पाठांनी या प्रश्नाला उत्तर दिले नाही, तर ते न शिकवलेलेच बरे.

माझे उत्तर असे की राबणे या मुलांना पुरेपूर येते; उद्योगीपणा मात्र त्यांना कुणी दिलेला नाही. राबणाऱ्या मुलाला काम सुरू कुठे होते, संपते कुठे, त्यातून काय उभे राहते आणि ते कुणाचे होते यातले काहीच ठरवता येत नाही. काम त्याच्यावर येऊन पडते, आणि ते केले म्हणूनच तो घरात किंवा मालकापुढे चालवून घेतला जातो. उद्योगी मूल एखादे काम मनापासून अंगावर घेते, त्यात लक्ष घालते, बिघडले तर पुन्हा करते, आणि पुरे झाले की हात धुऊन खेळायला जाते. या दोन मुलांत फरक घामाचा नसतो. एकाला आपली किंमत कामातून मिळवायची असते, दुसऱ्याला ती आधीच मिळालेली असते. ख्रिस्ती विश्वासाने मुलांना उद्योगीपणा शिकवावा असे मी म्हणतो ते याच कारणाने. त्या विश्वासात प्रेम पहिल्यांदा येते आणि काम त्याच्या मागून. हा क्रम सांभाळला तर शिकवणीला अर्थ आहे. तो उलटा केला, म्हणजे देवाची माया मिळवण्यासाठी राबा असे शिकवले, तर आपण त्या मुलावर आणखी एक मुकादम बसवला असे होईल.

हा क्रम मी माझ्या सोयीने लावलेला नाही. पवित्र शास्त्रात तो पहिल्या पानांपासून आहे. उत्पत्तीच्या पुस्तकात माणसाला बागेची मशागत आणि राखण सोपवली जाते ती पतनाच्या आधी. म्हणजे काम ही शिक्षा नव्हे. घाम आणि काटेकुसळे नंतर येतात. निर्गमच्या पुस्तकात हीच गोष्ट एका अख्ख्या समाजाच्या बाबतीत घडते. मिसरातले इस्राएली काही आळशी नव्हते, ते विटा पाडत होते. फारो त्यांचा भुसा बंद करतो, विटांची संख्या तीच ठेवतो, आणि ती भरली नाही की त्यांना आळशी ठरवतो. गरिबाला आळशी म्हणण्याची ही जगातली बहुधा सर्वांत जुनी नोंदलेली गोष्ट असेल, आणि त्या गोष्टीत देव विटा पाडणाऱ्यांच्या बाजूला उभा आहे. तो त्यांना आधी सोडवतो. आज्ञा नंतर, सीनाय पर्वतावर मिळतात. त्या दहा आज्ञांत कामाविषयीची आज्ञा आहे तीही विश्रांतीच्या आज्ञेत गुंफलेली: सहा दिवस काम, सातव्या दिवशी कुणालाच काम नाही, मुलाला नाही, मुलीला नाही, चाकराला नाही, परक्याला नाही, बैलालाही नाही. अनुवादात ही आज्ञा पुन्हा येते तेव्हा तिचे कारण म्हणून मिसरातल्या गुलामीची आठवण दिली आहे. शब्बाथ शाळेत आपण मुलांकडून आज्ञा पाठ करून घेतो. मात्र ही आज्ञा मुळात सुटलेल्या वेठबिगारांना दिलेली होती, हे फार क्वचित सांगतो.

आपल्या मातीत याला आणखी एक पदर आहे. हाताने काम करणाऱ्याला खालचा आणि हात न मळवणाऱ्याला वरचा मानण्याची सवय या समाजाच्या हाडात मुरलेली आहे. जातिव्यवस्था श्रमांची वाटणी करून थांबत नाही, ती श्रमिकांनाच वाटून, चढत्या-उतरत्या पायऱ्यांवर बसवते, हे डॉ. आंबेडकरांनी 1936 साली लिहून ठेवले. मराठवाड्यातल्या ख्रिस्ती कुटुंबांपैकी पुष्कळांचे पूर्वज त्या उतरंडीच्या तळाशी होते. अशा घरातल्या मुलाला ‘कामाची लाज वाटू देऊ नकोस’ असे सांगताना सांभाळून बोलावे लागते. त्याच्या आजोबांना लाज वाटली ती कामाची नव्हे. कामामुळे गावाने जे वागवले त्याची. म्हणून या मुलाला नाझरेथचा सुतार दाखवणे मला महत्त्वाचे वाटते. येशू सुतार होता याचा उल्लेख मार्कच्या शुभवर्तमानात येतो तो त्याच्या गावकऱ्यांच्या तोंडी, आणि तो हिणवण्यासाठीच केलेला आहे. गावाला त्याची विद्या पटत नाही, कारण त्याचा धंदा त्यांना माहीत आहे. असा अनुभव हिंगोलीतल्या कितीतरी शिकलेल्या पोरांनी घेतला असेल. पौलाचेही तसेच. प्रेषितांची कृत्ये सांगतात की करिंथमध्ये तो अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरी राहून तंबू करण्याचा धंदा करत होता. मंडळीवर आपला भार पडू नये म्हणून हा विद्वान माणूस हाताने कमावत राहिला. श्रमाला प्रतिष्ठा द्या असे म्हणणारे पुष्कळ असतात. श्रम करणाऱ्याच्या घरात राहून त्याच्याबरोबर राबणारे थोडे. मुले या दोघांतला फरक ओळखतात.

मराठी मुलुखात या विचाराची कसोटी सर्वांत कडक परिस्थितीत लागली ती पंडिता रमाबाईंच्या केडगावात, म्हणून तिथे थोडे थांबले पाहिजे. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. मुलीला त्यांनी संस्कृत शिकवले, जे त्या काळी धाडसाचे होते. पण 1870 च्या दशकातल्या दुष्काळात या कुटुंबाची अन्नान्नदशा झाली, आणि आई-वडील व थोरली बहीण पाठोपाठ गेली. रमाबाईंनी पुढे त्या दिवसांविषयी लिहिताना एक गोष्ट न लपवता सांगितली आहे: आपल्याला पोट भरण्याचा कुठलाही व्यवहारी उद्योग येत नव्हता, आणि जातीच्या व विद्येच्या अभिमानामुळे अंगमेहनत करणे किंवा मागणे दोन्ही जड जात होते. हजारो श्लोक मुखोद्गत असलेले कुटुंब उपाशी मेले. या अनुभवातून आलेल्या बाईने पुढे मुलींसाठी संस्था काढल्या. शारदा सदन 11 मार्च 1889 रोजी मुंबईत सुरू झाले, नंतर पुण्याला गेले. 1896-97 च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि रस्त्यावर पडलेल्या मुली-बायकांना घेऊन आल्या. 1900 च्या गुजरातेतल्या दुष्काळानंतर आणखी आल्या. दौंडजवळच्या केडगावातले मुक्ती सदन शतकाच्या आरंभी दीड-दोन हजार जिवांचे गाव झाले होते.

आता त्या मुली कोणत्या अवस्थेत आल्या होत्या ते ध्यानात घ्यावे. कित्येकींना महिनोन्महिने पोटभर मिळाले नव्हते, अन्न दिसले की त्या झडप घालत, काही आजारी, काही नको त्या माणसांच्या हाती सापडून आलेल्या. अशा मुलीला आल्या दिवशी कामाचे महत्त्व सांगणे क्रूरपणा ठरला असता. तिथे आधी अन्न, अंघोळ, कपडे, औषध, मग अक्षरे, आणि त्याच्या बरोबरीने काम. काम मात्र खरेखुरे होते. शेती होती, गुरे आणि दूध होते, तेल गाळले जाई, माग चालत, शिवण होते. अंध मुलींसाठी वेगळे सदन होते, तिथे ब्रेल शिकवले जाई. आणि छापखाना होता. या छापखान्याचे मला विशेष अप्रूप वाटते. देवनागरीचे खिळे जुळवायचे म्हणजे काना, मात्रा, रफार, जोडाक्षरे मिळून शेकडो घरांची पेटी डोळे मिटून ओळखता आली पाहिजे. अक्षर उलटे वाचायचे, ओळ सरळ बसवायची, एक खिळा चुकला की मुद्रितात तो चुकीचा छापून येणार आणि सगळ्यांना दिसणार. रमाबाईंनी स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. 1922 च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या तोपर्यंत हे काम त्यांच्या हातात होते. ते भाषांतर केडगावच्या त्या छापखान्यात मुक्तीतल्या बायका-मुलींनीच जुळवले आणि छापले. दुष्काळात कुणी तरी टाकून दिलेली मुलगी काही वर्षांनी एक अख्खा ग्रंथ अक्षर-अक्षर जुळवते, ही घटना मला उद्योगीपणावरच्या शंभर प्रवचनांपेक्षा जास्त शिकवते. त्या मुलींकडून काम घेणारी बाई त्यांच्याहून जास्त काम करत होती, हेही त्यांना रोज दिसत होते.

इथे कुणी आक्षेप घेईल, आणि त्यात तथ्य आहे. दुष्काळात सापडलेल्या निराधार मुलांना अन्न देऊन धर्मही दिला गेला, त्यांना निवड कुठे होती? मिशनच्या औद्योगिक शाळांनी गरिबांच्या पोरांना सुतारकी आणि शिवण शिकवले, वरच्या विद्या मात्र इतरांसाठी राहिल्या, असेही म्हणता येईल. धर्मांतराच्या प्रश्नावरून 1893 साली न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक शारदा सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले. ते काही मिशनचे शत्रू नव्हते. मला वाटते, या आक्षेपाचा पहिला भाग आपण मान्यच करावा. भुकेल्या मुलाच्या होकाराला मोठ्या माणसाच्या होकाराचे वजन नसते, आणि अन्नाच्या ताटाला कुठलीही अट जोडणे हे कृपेच्या शिकवणीशी विसंगत आहे. दुसऱ्या भागाविषयी मात्र पुरावा संमिश्र आहे. आपल्या मराठवाड्यातच, निजामाच्या राज्यात, रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल हे गाव वसवले, आणि त्यासाठी दिवाण सर सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवली. शेषाद्री 1843 साली बाप्तिस्मा घेतलेले ब्राह्मण. गावात आले ते बहुतांशी गावकुसाबाहेर ठेवलेल्या जातींतले. दुसऱ्याच्या बांधावर बलुत्याच्या आशेने राबणाऱ्या कुटुंबाला आपले घर आणि कसायला जमीन मिळणे, तिथेच शाळा असणे, याला नुसती सुतारकी म्हणता येणार नाही. केडगावात तर खिळे जुळवण्याबरोबर वाचणेही शिकवले जात होते. हात शिकवून डोके बंद ठेवणारे शिक्षण फारोच्या कामाचे. पुढील पाठांत जिथे जिथे हातकाम सुचवले आहे, तिथे तिथे वाचन आणि हिशेब जोडलेला आहे तो यासाठी.

हिंगोलीचा इतिहास जालन्याइतका भरगच्च नाही. हैदराबाद कंटिंजंटची छावणी इथे होती आणि छावणीबरोबर गोऱ्यांचा ख्रिस्ती धर्मही आला, पण तो छावणीच्या भिंतीबाहेर फारसा पोचला नाही. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा मुलूख निजामाकडे होता. कॅथलिकांचा औरंगाबाद धर्मप्रांत 1977 सालचा, आणि हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाला तो 1 मे 1999 रोजी, परभणीतून निघून. आजही इथली ख्रिस्ती वस्ती अगदी थोडी आणि विखुरलेली आहे. त्यामुळे पुष्कळ ठिकाणी शब्बाथ शाळा म्हणजे एका घराच्या ओसरीवर जमलेली निरनिराळ्या वयांची थोडकी मुले आणि एक शिक्षिका. पाठ लिहिताना ही ओसरी डोळ्यांपुढे ठेवली आहे. पुण्या-मुंबईच्या मोठ्या चर्चमधली वयवार वर्गांची रचना इथे चालणार नाही.

मुलांना कामाला लावण्याचे दोन सोपे मार्ग आपण सगळेच वापरतो, धाक आणि बक्षीस. धाकाविषयी फार लिहायला नको. पौलाने कलस्सैकरांना लिहिताना बापांना बजावले आहे की मुलांना चिडीस आणू नये, ती खचून जातील. ‘काम नाही केलेस तर देव बघतोय’ हे वाक्य घराघरांत ऐकू येते. त्याने मूल एक वेळ अंथरूण आवरील, पण देवाचे नाव त्याच्या मनात छडीशेजारी जाऊन बसेल. मॅक्स वेबरने 1904-05 मध्ये मांडले की कॅल्विनपंथी लोकांच्या कामसूपणामागे तारणाविषयीची धास्ती होती: आपण निवडले गेलो आहोत की नाही याची खूण ते धंद्याच्या भरभराटीत शोधत. त्याचे सगळे म्हणणे इतिहासकारांनी मान्य केलेले नाही, पण धास्तीतून काम निघू शकते हे खरे. असे काम थांबत नाही, आणि थांबता न येणे हा गुण नव्हे. बक्षिसाची गोष्ट जरा अवघड आहे, कारण वचन पाठ करणाऱ्याला पेन्सिल देण्यात कुणाला वाईट दिसणार? 1973 साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या चित्रांची आवड असलेल्या मुलांवर एक प्रयोग केला. ज्यांना आधीच सांगितले होते की चित्र काढले तर प्रशस्तिपत्र मिळेल, ती मुले नंतर मोकळ्या वेळात चित्रांकडे कमी वळली. ज्यांना काही कबूल केले नव्हते त्यांची आवड टिकली. 1998 मध्ये म्यूलर आणि ड्वेक यांनी दाखवले की ‘तू किती हुशार’ अशी शाबासकी मिळालेली मुले पुढे सोपे काम निवडतात आणि हरल्यावर लवकर नाउमेद होतात, तर मेहनतीचे कौतुक झालेली मुले अवघड कामाला हात घालतात. हे प्रयोग अमेरिकेतल्या मुलांवरचे आहेत, आणि आपल्या ओसरीवरच्या मुलांना ते जसेच्या तसे लावू नयेत. तरी त्यांचा रोख शास्त्राच्या रोखाशी जुळतो. ठेव सोपवून परगावी गेलेल्या धन्याच्या दाखल्यात पाच मिळवणारा आणि दोन मिळवणारा दोघांना अगदी एकच शाबासकी मिळते. आणि ज्याने ठेव पुरून ठेवली तो आपले कारण सांगतो ते भीतीचे. धनी कठोर आहे असे त्याला वाटत होते. देवाला कठोर समजणारे मूल जोखीम घेत नाही, आणि जोखमीशिवाय काही शिकता येत नाही.

उद्योगीपणा घरात कसा दिसतो ते वसमत भागातल्या हळदीवरून सांगता येईल. आठ-नऊ महिन्यांचे पीक. जमीन पाणी-खत खाते, आणि काढणीनंतर खरे काम सुरू होते. हळकुंडे गड्ड्यांपासून वेगळी करायची, बेणे राखून ठेवायचे, मग हळकुंडे शिजवायची. पूर्वी काहिलीत, आता बहुतेक ठिकाणी वाफेच्या कुकरमध्ये. कमी शिजले तर वाळताना सारखे वाळत नाही, जास्त शिजले तर रंग उतरतो. म्हणून फेस आणि वास यांकडे लक्ष ठेवावे लागते, हळकुंड काढून बोटाने दाबून किंवा काडी टोचून पाहावे लागते. मग दहा-पंधरा दिवस थर देऊन वाळवणे, हलवणे, रात्री दवापासून झाकणे. पक्के वाळलेले हळकुंड मोडले की खणकन आवाज येतो. त्यानंतर ड्रममध्ये पॉलिश, मग मोंढा. या कामात दहा वर्षांच्या मुलाला ओझी वाहायला लावले तर त्याची पाठ दुखेल आणि तो हळदीचा तिटकारा करू लागेल. त्याच मुलाला बापाने शेजारी बसवून काडी टोचायला दिली, आवाज ऐकायला लावला, वहीत तारीख आणि वजन लिहायला सांगितले, तर तो लक्ष देणे शिकतो. लक्ष देणे हाच उद्योगीपणाचा गाभा आहे, आणि ते थकलेल्या, झोप न झालेल्या, उपाशी मुलाकडून होत नाही. कायद्यानेही इथे रेघ आखली आहे: 1986 च्या बालकामगार कायद्यात 2016 साली जी दुरुस्ती झाली तिने 14 वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवण्यास सरसकट बंदी केली, आणि घरच्या, धोका नसलेल्या व्यवसायात मदतीची मुभा ठेवली ती शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत. ही मुभा किती ताणली जाते ते सर्वांना ठाऊक आहे. ख्रिस्ती घराने ती ताणू नये. हळदीच्या हंगामात शाळा बुडवून मुलाला शेतात ठेवणारा बाप रविवारी त्याच मुलाला कष्टाचे वचन शिकवू शकत नाही.

दुसरा आक्षेप याहून कडवट आहे. मेहनत करा, मेहनत करा असे ऐकत पोरे मोठी झाली, पदव्या घेतल्या, तलाठी आणि पोलीस भरतीच्या अभ्यासात वर्षे घालवली, आणि जागा नाहीत. सोयाबीनचा भाव पडला तर शेतकऱ्याच्या मेहनतीने तो वर येत नाही. मग उद्योगीपणाची शिकवण म्हणजे व्यवस्थेचा दोष गरिबाच्या माथी मारणे नव्हे काय? ती तशी वापरली गेली आहे यात शंका नाही. काम न करणाऱ्याला अन्नावर हक्क नाही, अशा अर्थाचे थेस्सलनीकाकरांच्या दुसऱ्या पत्रातले वाक्य पोट भरलेल्या लोकांनी उपाशी माणसांना पुष्कळदा ऐकवले. पण ते वाक्य आहे ते काम करण्यास तयार नसलेल्यांविषयी, आणि लिहिणारा स्वतः रात्रंदिवस हाताने काम करणारा आहे. काम शोधूनही न मिळालेल्यांसाठी येशूने वेगळी गोष्ट सांगितली आहे. द्राक्षमळ्याचा धनी दिवस कलला तरी चौकात उभे असलेल्यांना विचारतो, तुम्ही रिकामे का? ते सांगतात, आम्हांला कुणी कामावर लावले नाही. तो त्यांच्यावर आळसाचा ठपका ठेवत नाही; शेवटचा एक तास काम देतो आणि संध्याकाळी पूर्ण दिवसाची मजुरी देतो, कारण घरी चूल पूर्ण दिवसाची पेटायची असते. कामगारांच्या अड्ड्यावर उभे राहिलेल्या माणसाच्या मुलाला ही गोष्ट पहिल्या ऐकण्यात कळते. रूथच्या पुस्तकात परकी विधवा शेतात सरवा वेचते. तिची चिकाटी आपण मुलींना सांगतो. पण शेताच्या कडा सोडून द्याव्यात, पडलेली कणसे मालकाने उचलू नयेत हा मोशेच्या नियमशास्त्रातला नियम होता, आणि बवाज त्याच्या पलीकडे जाऊन मुद्दाम पेंढ्यांतून कणसे पाडायला सांगतो, हे वगळतो. रूथच्या कष्टाला फळ आले कारण शेताचा मालक न्यायाने वागला. दोन्ही बाजू मुलाला एकाच वेळी सांगितल्या पाहिजेत, नाहीतर आपण अर्धे शास्त्र शिकवतो. हे शिकलेले मूल मोठेपणी मालक झाले तर मजुराची मजुरी संध्याकाळी देईल, आणि मजूर झाले तर ती मागताना त्याची मान खाली जाणार नाही.

मग यासाठी ख्रिस्ती विश्वासच कशाला, असे शेजारी विचारतील. नामदेवांचे नरसी याच जिल्ह्यात. शिंप्याच्या घरातला हा संत. जनाबाई शेजारच्या गंगाखेडच्या, गोरोबा तेरचे. दळता-कांडता, माती तुडवता देवाचे नाव घेण्याची रीत या मुलखाला कुणी बाहेरून येऊन शिकवायला नको. इथल्या बौद्ध वस्त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या सांगण्यावरून मुले शिकवली ती कुठल्याही चर्चच्या मदतीशिवाय. हे सगळे मनापासून मान्य आहे, आणि ओसरीवरच्या मुलांना ही नावे आदराने सांगितली जावीत असा माझा आग्रह आहे. पण ख्रिस्ती घरातल्या मुलाला त्याच्या घरातली प्रार्थना, त्याच्या घरातले पुस्तक हीच जवळची वाट आहे. त्या वाटेने त्याला नेताना शेजाऱ्याची वाट खोटी ठरवण्याचे कारण नाही. अनुवादात मुलांना शिकवण्याच्या ज्या जागा सांगितल्या आहेत त्या घरात बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना अशा आहेत. म्हणजे शिकवण घरच्या जगण्यातून जाते. घरी मुलगा जेवून ताट तसेच सोडून उठत असेल आणि बहीण ते घासत असेल, तर रविवारचा पाठ सोमवारी पुसला जातो. लूकच्या शुभवर्तमानातली मार्था कामात गुंतलेली असते आणि मरिया पायाशी बसून ऐकते. येशू मरियेची बाजू घेतो. मुलींच्या उद्योगीपणाचे गोडवे गाणाऱ्या आपल्या घरांना ही गोष्ट अवघड जाते. तिला वगळून हा विषय मुलींना शिकवता येणार नाही, म्हणून तिचा स्वतंत्र पाठ केला आहे, आणि त्या दिवशी भांडी मुलांनी घासावीत अशी सूचना शिक्षिकेसाठी लिहिली आहे.

पाठांच्या क्रमाविषयी एक खुलासा. या विषयावरची पुस्तके सहसा नीतिसूत्रांतल्या मुंगीपासून सुरू होतात. इथे मुंगी बरीच मागे, सातव्या पाठात येते. पहिला पाठ सातव्या दिवसाच्या विश्रांतीचा आहे, दुसरा विटा पाडणाऱ्यांच्या सुटकेचा, तिसरा नाझरेथच्या सुताराचा. ऊसतोडीवरून परतलेली मुले उन्हाळ्याच्या तोंडाशी ओसरीवर येतात तेव्हा ती दमलेली असतात आणि शाळेत मागे पडलेली असतात. त्यांच्यासाठी पहिला पाठ दोन आठवडे चालवला तरी हरकत नाही. त्या दिवसांत त्यांच्याकडून काही पाठ करून घेऊ नये, त्यांना गोष्ट सांगावी, खाऊ द्यावा, खेळू द्यावे, आणि कुणाचे वाचन कुठे अडले आहे ते शिक्षिकेने आपल्या वहीत टिपून ठेवावे.